माझ्या उकिरड्यात न सडलेले गुलाब

अमरावतीच्या कॉलेजात शिकणारी नात परवा सांगत होती, आता म्हणे जंतू प्लास्टिक बनवतात. त्यांना साखर खाऊ घालायची, ते चरबीसारखं प्लास्टिक अंगात साठवतात, आणि त्याची पिशवी मातीत गाडली की दुसरे जंतू ती खाऊन टाकतात. मी म्हटलं, "बरं झालं. शहरातल्या माणसायच्या आधी जंतूले अक्कल आली."

एकोणीसशे साठनंतरच्या त्या वर्षांत ही अक्कल कोणालाच नव्हती. माझ्या साळ्याला तर नव्हतीच. अकोल्यात कारकून, बोलण्यात कलेक्टर. एका दिवाळीला त्यानं बहिणीच्या पेटीवर पसरायला लाल गुलाबांची प्लास्टिकची चादर आणली. गुलाब कसले, वास रॉकेलचा.

"भाऊजी, सात पिढ्या सडत नाही हे!"

जी वस्तू सडत नाही, तिचं कौतुक! माझ्या उकिरड्यात शेण, पालापाचोळा, जुने जोडे, फाटकी गोधडी, सगळ्याची काळी माती होत असे. त्याच खतावर माझं वावर पिकायचं. पोत्यातलं पांढरं रासायनिक खत घ्या म्हणून साळा मागे लागायचा, पण मी ते बांधावरही चढू दिलं नव्हतं.

"टाक माह्या उकिरड्यात. आखाजीपावतर राहते का पाहू."

"अन् राहिली तं?"

"तं तुह्यं पोत्याचं खत वावरात टाकीन."

बायको ओरडली, "माह्या चादरीवर काहून पैज लावून राहिले?" पण शब्द गेला होता, आणि चादर उकिरड्यात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खताच्या गाड्या भरायला उकिरडा खोदला. जोडे गेले, गोधडी गेली. चादर मात्र जशीच्या तशी. जंतूंनी तिला जीभसुद्धा लावली नव्हती. बायकोनं ती विहिरीवर धुतली आणि पुन्हा पेटीवर पसरली. सणाला आलेला साळा इतका हसला की पानाची पिंक त्याच्याच सदऱ्यावर पडली.

पाऊस झाल्यावर साळा खताचं पोतं घेऊन आला. मी ते त्याच्याच खांद्यावर दिलं. "टाकीन म्हटलं होतं. वाहीन नाही म्हटलं." बूट चिखलात रुतवत तो वावराच्या धुऱ्यापर्यंत आला. मी खत टाकलं. ज्वारी उंच झाली, हे खोटं सांगणार नाही. उंच तर काँग्रेस गवतही होते.

पुढच्या साली तो दुसरं पोतं घेऊन दारात हजर. "भाऊजी, आता तं पटलं ना?"

"शब्द एका पोत्याचा होता. फिटला."

बायकोनं त्याला चहा पाजला. मी पोत्याला हात लावला नाही. अकोल्याची गाडी त्याला पोत्यासकटच धरावी लागली.