सुमन वेंधळी होती, असं मी सांगितलं

हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी बोलले नाही. तो जाऊन सहा वर्षं झाली, म्हणजे आता त्याला सांगायचीही सोय राहिली नाही. तुम्हाला सांगते. कितपत जमेल — बघू.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. तिथे आम्हा चार बायकांना प्रथमोपचार शिकवले होते, त्यामुळे चाळीत कुणाला चटका बसला की माझ्या दारात. कुणी टूथपेस्ट थापून यायचं, कुणी शाई. मी ते हलकेच धुऊन काढायची आणि पिंपातलं पाणी तांब्यातांब्याने ओतत राहायची — चांगली दहा मिनिटं. फोड फोडायचा नाही. वर थोडं मलम, जुन्या धोतराचं स्वच्छ फडकं, सैल बांधलेलं. एवढंच. पण बायका म्हणायच्या, हिच्या हाताला गुण आहे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

शेजारच्या खोलीत काकू, त्यांचा मुलगा आणि नवी सून. सुमन. सावंतवाडीकडची, जेमतेम विशीची. पहिल्यांदा आली तेव्हा मनगट वाफेने भाजलं होतं. होतं असं कुणाचंही. दुसऱ्यांदा दंडाच्या आतल्या बाजूला. तिसऱ्यांदा तिने पदर बाजूला केला आणि पाठ दाखवली — उलथन्याच्या टोकाएवढा डाग, कडा अगदी स्पष्ट. स्वयंपाक करताना पाठीवर कोण भाजून घेतं?

मला कळलं. तेव्हाच कळलं.

मी पाणी ओतत होते आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “वहिनी, बायकांना राहायला देतात अशी जागा असते ना कुठे? तुमच्या कारखान्यात विचाराल?”

मी काय म्हटलं माहीत आहे? “जरा सांभाळून काम करत जा गं.”

ती “हो” म्हणाली. फडकं बांधून झालं तशी पदर सावरून गेली. त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. भाजायचं थांबलं म्हणून नाही — कॉमन नळावर दिसायचं मला.

माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. मी कामावर गेले की काकू तिला सांभाळायच्या. मायेने सांभाळायच्या हो, मऊ भात स्वतःच्या हाताने भरवायच्या. त्यांच्याशी बिनसलं तर माझी नोकरी गेलीच. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात काय आलं, ते सांगते.

एका शनिवारी दुपारी कामावरून आले तर जिन्यापर्यंत माणसं. रॉकेलचा वास. सुमनला हॉस्पिटलात नेलं होतं. शुद्धीवर आलीच नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी गेली.

पोलीस चाळीत आले. सगळ्यांना विचारत होते, पण माझ्या दाराशी जास्त वेळ थांबले, कारण कुणीतरी सांगितलं होतं की मलमपट्टी हीच करते. काकू समोरच्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर माझी मुलगी.

“आधीही भाजलं होतं का तिला?”

“हो साहेब,” मी म्हटलं. “वेंधळी होती जरा. स्टोव्ह काही जमायचा नाही तिला. तीनदा तर मीच मलम लावलंय.”

मलम लावलं होतं, हे खरं. वेंधळी हा शब्द माझा. कुणी तो माझ्या तोंडात घातला नव्हता. काकूंनी तर माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही — त्यांना तेवढी खात्री होती. मी सही केली. अपघात म्हणून प्रकरण मिटलं.

मग तिचे वडील आले, गावाहून. माझ्या दाराशी उभे राहिले, हात जोडून. “तूच तिका मलम लावी होतंस मां? बरा केलंस गो बाय. कोण तरी होता तिका हय.” मी त्यांना आत बोलावलं. चहा दिला. ते चहा पिऊन गेले. त्या वेळीही बोलता आलं असतं, नाही? ते माणूस समोर बसलं होतं. मी साखर बरोबर आहे का विचारलं.

काकू माझ्या मुलीला आणखी दोन वर्षं सांभाळत होत्या. मुलगी त्यांना आजी म्हणायची.

वर्षाच्या आत त्यांनी मुलाचं दुसरं लग्न केलं. मी लग्नाला गेले, अक्षता टाकल्या. पुढच्या उन्हाळ्यात ती नवी सून दारात आली, कोपराखाली भाजलेला हात पुढे धरून. चपाती लाटताना लागलं म्हणाली. लाटताना. मी ते ऐकलं आणि काहीच विचारलं नाही. नीट पट्टी बांधून दिली.

दिवाळीनंतर आम्हाला बोरिवलीला खोली मिळाली आणि आम्ही गेलो. तिचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मुलुंडची दोन माणसं अजून ओळखीची आहेत. मी एकदाही विचारलेलं नाही.