ओला रुमाल

ताथवड्यातल्या सोसायटीच्या कार्यक्रमात मी सिंथेसायझर वाजवत होतो. प्रयोग म्हणून एक बटण फिरवलं, तर चढता-उतरता भोंगा सुरू झाला. मी स्वतःवरच खूश. पहिल्या रांगेतला अनोळखी माणूस मात्र पांढराफटक पडला. त्यानं बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला, पताका कुठल्या बाजूला उडतायत ते पाहिलं आणि स्टेजवर येऊन माझं मनगट धरलं.

"गॅस सुटलाय राव. वाऱ्याकडं तोंड करून पळा."

मीही पळालो, माझ्याच आवाजाला भिऊन. गेटाबाहेर माझी ट्यूब पेटली.

"दादा, ते माझंच यंत्र वाजतंय."

त्याच्याकडचा एकुलता रुमाल त्यानं माझ्या नाकावर दाबला होता.

"आसंल. चाकणला कंपनीत आसाच भोंगा वाजला तवा आमीबी हसलो व्हतो, टेस्टिंग हाय म्हणून."

भोंगा वाजतच होता. मी रुमाल काढला नाही.