कोळशाची रेघ

बीदरच्या पठाराची कड उतरते तिथं अनसाबाईचं घर. पुढची खोली तांबड्या दगडावर उभी. तिचा पाया खणताना नवऱ्याच्या हाताची सालटी निघाली होती. मागची खोली तिनं भीमाशंकरच्या लग्नाआधी बांधून घेतली. तिथं दगड संपून पांढरी माती लागली आणि कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरली. लेकाच्या खोलीला कष्ट पडले नाहीत, याचंच तिला कौतुक.

दसऱ्याआधी गावच्या बायका भिंती पोतारायला तिच्या परसाखालूनच ती माती खणून न्यायच्या. त्यानं घराखालचा उतार पोखरतोय हे कुणाच्या मनात आलं नाही. पावसाचं पाणी तांबड्या दगडातून झिरपायचं आणि पांढऱ्या मातीवर येऊन अडायचं. माती फुगून निसरडी व्हायची आणि वरचं सगळं हळूहळू खाली सरकायचं. आधी मागचं दार घासू लागलं, ते भीमाशंकरनं तासलं. मग दोन खोल्यांच्या सांध्यात चीर पडली. ती अनसाबाई दरवर्षी बुजवायची, त्याच मातीनं.

सून रूपानं यंदा चिरेवर कोळशानं आडवी रेघ ओढून ठेवली. पाऊसकाळ सरता सरता रेघ तुटली. मागच्या खोलीकडचं टोक खाली उतरलं होतं. तिनं नवऱ्याला दाखवलं. तो बीदरात भाड्यानं खोली बघतो म्हणाला. अनसाबाई चुलीपुढं बसून ऐकत होती. थोरला गुलबर्ग्याला गेला तो सणापुरता येतो. हाही गेला, तर घरात ती आणि शेरडं.

रूपा पाण्याला गेली तेव्हा तिनं भिंत पोतारून टाकली.

"आत्या, रेघ कामून पुसलाव?" रूपानं घागर न उतरवताच विचारलं.

"सणाला भितीवर काळं ठेवतेत व्हय? अन् बघ की, कुटं हाय तुजी चीर?"

भीमाशंकरनं गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवला आणि दिवाळीनंतर बघू म्हणाला.

दसऱ्यानंतर परतीचा पाऊस लागून राहिला. गोदामावर रातची राखण करून आलेला भीमाशंकर दुपारी मागच्या खोलीत झोपला होता. मागची भिंत उताराकडं गेली, छत आत आलं. जीव वाचला; उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

पुढच्या खोलीला केसाएवढी चीर नाही. तिघं आता तिथंच राहतात. भीमाशंकर कुठं जायचं म्हणत नाही.

पुढच्या दसऱ्याला अनसाबाईनं बाजारातून चुना आणला. रूपानं पुढच्या भिंतीवर कोळशाची रेघ ओढून ठेवलेली.

"हितं तर खाली दगड हाय गं," अनसाबाई हळूच म्हणाली.

"असू द्या."

अनसाबाईनं चुन्यात कुंचा बुडवला आणि रेघेच्या कडेकडेनं, तिला न शिवता, भिंत पांढरी करत गेली.