सुलभापस नावाचं पाऊल

पुण्याहून निघाले तेव्हाच मन जड होतं. छत्रपती संभाजीनगरला जायचं ते सरांना वाईट बातमी द्यायला, आणि तीही समोर बसून.

सर म्हणजे माझे भूशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्तीनंतर पुंडलिकनगरात एकटेच राहतात. जैसलमेरच्या वाळूखडकात त्यांना मांसाहारी डायनासोरचा तीन बोटांचा ठसा सापडला होता. चालून गेलेलं जनावर नक्की कोणतं हे कळत नाही, म्हणून आमच्या शास्त्रात नाव देतात ते पावलालाच. सरांनी दिवंगत पत्नीचं दिलं, सुलभापस. ‘पस’ म्हणजे मूळ ग्रीकमध्ये पाऊल. पण मला खात्री पटली होती की हा जुन्याच, आधी नाव मिळालेल्या ठशाचा चिखलात फताडा झालेला अवतार आहे. तसं असेल तर नियमानं जुनं नाव राहतं, नवं जातं.

नुसत्या बोलण्यानं सर ऐकायचे नाहीत. म्हणून बसमधून उतरून आधी शहागंज गाठलं. कोंबडीवाल्यानं सुरी उचलली.

“काट दूं, बाजी (ताई)?”

“नहीं, चलानी है.”

“हौ (बरं),” म्हणत त्यानं माझी कीव आल्यासारखं बघत कोंबडीचे पाय बांधले. रिक्षाभर ती कोकलत होती.

कोंबडी पाहून सर हसले नाहीत. ही युक्ती त्यांनीच आम्हाला शिकवलेली. “आधी जेवून घे,” म्हणाले. भाकरी आणि खाली लागलेलं पिठलं. स्वयंपाक आता तेच करतात.

मागच्या अंगणात घट्ट आणि सैल चिखलाचे दोन पट्टे केले. कोंबडी चालली. घट्ट चिखलात बोटं बारीक, नख्या स्पष्ट. सैल चिखलात बोटं जाड, पसरट, थेट सुलभापससारखी. सर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

“एकच कोंबडी, दोन ठसे,” ते म्हणाले.

मला फार वाईट वाटत होतं. “सर, नाव पुसत नाहीत. जुन्या नावाखाली छापतात. फक्त वापरायचं नसतं.”

“घरात बी तसंच हाय,” ते उठत म्हणाले. “दारावरच्या पाटीवर हाय अजून. हाक मारायला नाय.”

कोंबडी त्यांनी ठेवून घेतली.

परतीच्या बसमध्ये सुलभापसवरच्या माझ्या शोधनिबंधाचा मसुदा उघडला. कुठं तरी माझी चूक सापडावी म्हणून पुन्हा पुन्हा वाचला. सापडली नाही.