मुकादमाच्या सहीशिवाय

फाईना ल्वोव्ना आमच्या कारखान्याची नर्स. पाळीआधी गेटवर प्रत्येकाचा रक्तदाब मोजायचा, दारू प्यायलाय का म्हणून तोंडाचा वास घ्यायचा आणि यादीत 'लायक' लिहायचं, हे तिचं वीस वर्षांचं काम. खाली मुकादमाची सही. मुकादम म्हणजे तिचा नवरा, तिमोफेय. त्याच्या सहीशिवाय यादीला किंमत शून्य.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात कारखान्याला कुलूप लागलं. राज्य बदललं, मालक आले, मालक पळाले. चुलीत गेलं ते सगळं! पण मार्चपर्यंत आमच्या खात्यातली पाच माणसं गेली हो, पन्नाशीही न गाठलेली. कोणी दारूनं, कोणी छातीत कळ येऊन. आणि आम्ही उरलेले येडे रोज सातला बंद गेटवर जाऊन उभे. घरात बसवेना, दुसरं काय!

फाईनानं आम्हाला तिथंच गाठलं. चौकीदाराच्या खोलीत रक्तदाबाचं यंत्र घेऊन ठाण मांडलं. "बाह्या वर करा रे! माझ्या यादीत नाव घातल्याशिवाय कोणी मरायचं नाही."

तिमोफेय मात्र येईना. दिवसभर पिऊन कोचावर, भिंतीकडे तोंड करून. "काम नाही, तर मोजता काय, डोंबल?" यंत्र दिसलं की हात झटकायचा. चेहरा लालबुंद, पाय सुजलेले. सहावा नंबर ह्याचाच, हे तिला दिसत होतं. आम्हालाही.

एका सकाळी तिनं यादी माझ्या हातात कोंबली. "याकोव, सगळ्यांना घेऊन घरी जा. म्हणावं, सही नाही तर यादी रद्द."

आम्ही चौदा जणांनी त्याच्या जिन्यात रांग लावली. तिमोफेय दार उघडून खेकसला, "कसली सही? अक्कल गहाण टाकलीत काय?"

"नियम आहे, तिमोफेय इग्नात्येविच. तुम्हीच शिकवलात," मी म्हणालो.

त्यानं यादी हिसकावली. वाचता वाचता ओरडला, "येफीम लायक? अरे, ह्याच्या तोंडाला भपकारा येतोय! खोडा नाव!" मुकादमाच्या शिव्या पुन्हा खाऊन रांगेतल्या येफीमला इतका आनंद झाला, की विचारू नका.

तेवढ्यात फाईना वर आली. "सही करणाऱ्याला आधी तपासायचं. तोही नियमच."

चौदा माणसांसमोर नियम मोडणार कसा? त्यानं बाही वर केली. दोनशे दहा. शेकडो जणांना आकडा तोंडावर सुनावणारी ही बाई, पण तिला तो बोलवेना. तिनं यंत्रच त्याच्यापुढे धरलं.

तिमोफेयनं काटा स्वतःच पाहिला. यादीच्या तळाला स्वतःचं नाव लिहिलं, पुढे 'लायक नाही' आणि खाली सही ठोकली.

"कोट दे गं माझा," तो म्हणाला. "दवाखान्यात जाऊ."

फाईना आमच्यादेखत मोठ्यानं रडली. रडत रडतच त्याच्या कोटाची बटणं लावली.