बानूआपाचं सूप

बानूआपा गेल्याचं तिच्या मुलानं हिमायतनगरहून कळवलं, तेव्हा रडू यायच्या आधी मला रागच आला. एवढी भांडकुदळ बाई, आणि जाताना कुणाला चाहूलसुद्धा लागू दिली नाही.

निजामाच्या अखेरच्या वर्षांत नांदेडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघी कामाला होतो. तिचा नवरा रहीमभाई जुन्या बॉयलरच्या आत शिरून, नळीतून हवेच्या जोरानं बारीक कडक दाण्यांचा मारा करून गंज उडवायचा. दाणे विलायती होते. बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून, गोठलेला गोळा फोडून केलेले. इतके कडक, की आपटून फुटले तरी त्यांना नवी धार निघायची. म्हणून आम्ही ते गोळा करून ज्वारीसारखे पाखडायचो. गंज, धूळ उडून जायची आणि जड दाणे सुपात उरायचे. मला मेलीला पाखडणं जमायचं नाही. "सासरी उपाशी मरशील," आपा म्हणायची.

एका सकाळी तिचं सूप मध्येच थांबलं. "सुमन, हलकं लागून राहिलंय." दाण्यांत नदीची वाळू मिसळलेली होती... कधीपासून, कोण जाणे. वाळू आपटली की तिचं पीठ होतं, आणि ते छातीत बसलं की निघत नाही. तिचा थोरला दीर लातूरला याच कामात खोकून खोकून गेला होता. आणि रहीमभाई आत होता. नळीच्या आवाजात हाक पोचेना. ती नळीची हवा बंद करायच्या कॉककडे धावली. मुकादम आडवा आला.

"हात लावू नको. काम थांबवायचं नाही, वरून हुकूम हाय."

"माझा माणूस आत हाय. सरका."

त्यानं तिचं मनगट धरलं. तिनं दुसऱ्या हातानं कॉक बंद केला. आवाज थांबला... आतून काहीच ऐकू येईना. मग खोकला आला, आणि पाठोपाठ पिठाच्या गिरणीतून निघावा तसा पांढराफटक रहीमभाई. त्याच दिवशी दोघांचंही काम सुटलं.

रहीमभाई पुढं म्हातारा होऊन गेला, पण आपाचा धसका गेला नाही. रोज त्याच्या पाठीला कान लावून ती श्वास ऐकायची. तो गेल्यावर, मी भेटले की माझ्या पाठीला. शेवटच्या भेटीतही लावला. "साफ हाय," म्हणाली. मी म्हटलं, "फीर, आता तुझा ऐकते." ती मागं सरकली.

"माझा राहू दे गं. पाखडताना तुला मी वारा यायचा त्या बाजूला बसवायची. धूळ सगळी माझ्याकडं यायची... माझ्या छातीत काय हाय, मला ठाऊक हाय."

आणि भिंतीला धरत ती चहा टाकायला उठली.