जीप गेली नसती तर

त्या सकाळी खंडूची जीप आमच्या फाटकाशी थांबली, पण हॉर्न वाजला नाही. तो चप्पल काढून अंगणात उभा राहिला. "बाई, ताई न्हाई ऱ्हायल्या," तो म्हणाला. नांदेडच्या दवाखान्यात पहाटे शैलाचं हृदय थांबलं होतं. आदल्या दिवशीच मी तिला भेटून अहमदपूरला परतले होते. निघताना तिनं ऑक्सिजनची नळी बाजूला सारून विचारलं होतं, "अनू, काढणी सुरू झाली... गाड्या जागेवर आहेत ना?"

शैला आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. ती विज्ञान, मी मराठी. तिच्या वर्गातली एक मुलगी सोयाबीनच्या रानात साप चावून दगावली. गाडी मिळेना म्हणून घरच्यांनी तिला आधी मांत्रिकाकडे नेलं होतं. निवृत्त झाल्यावर शैलानं गावोगावच्या जीपवाल्यांना गाठलं. सापाची वर्दी आली की सवारी उतरवायची आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. खंडू त्यातला पहिला. लोक नावाजू लागले, सत्कार झाले. पण हार घालून घरी आली की ती अस्वस्थ व्हायची. "हे लोक आपण नसतो तरी वाचले असते का, कसं कळणार? की जीप येणार म्हणून वाट बघत बसतात, आणि उलट उशीरच होतो?" हा घोर तिला सोडत नव्हता.

हदगावकडच्या गावांत काम न्यायचं ठरलं, तेव्हा मदत देणाऱ्या संस्थेनं नेहा नावाची संशोधक पाठवली. मुलगी शांत, समंजस. तिचं म्हणणं असं, की निम्म्या गावांत जीप आत्ता सुरू करा, उरलेल्यांत वर्षभर थांबा. मग दोन्हीकडं काय घडतं ते ताडून पाहू. शैलाला ते पटलं. तिच्याच प्रश्नाचं उत्तर होतं ते. पण त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. थांबलेल्या गावाची पाटी दिसली की ती बसच्या खिडकीतून तोंड फिरवायची...

कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही हदगावला होतो. एका दुपारी खंडू धावत आला. थांबलेल्यांपैकी एका गावातल्या बाईला साप चावला होता, आणि शेजारच्या गावाकडून नंबर घेऊन नवऱ्यानं त्यालाच फोन केला होता. "ताई, ते गाव आपल्यात न्हाई. काय करू?"

"मग इथं काय करून राहिलास? जा."

जीप गेली आणि शैला रस्त्याकडं बघत उभी राहिली. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, विष भिनलंच नव्हतं. घरी असती तरी वाचली असती. खंडू मात्र खुशीत होता. "बाई जिती हाय ना ताई, मंग?"

"खंडू, ती माझ्यामुळं जिती न्हाई," शैला म्हणाली.

तिनं स्वतःच नेहाला फोन करून सगळं सांगितलं. नेहा म्हणाली, "मीही हेच केलं असतं, ताई. पण आता बाकीची गावंही बोलावतील. तुलना उरणार नाही."

"मग तसंच लिही."

परिणाम सिद्ध होत नाही, असंच अहवालात आलं. पुढची मदत अडकली, ती अजून अडकलेलीच आहे. शैला त्यानंतर वर्षभरच जगली, आणि तो प्रश्न शेवटपर्यंत तिच्या उशाशी होता.

तिची एक सवय होती. फोन आला की जीप दवाखान्यात पोचेपर्यंत ती तो ठेवायची नाही. पाय हलवू नका, दोरी बांधू नका, एवढं सांगून झालं की कोंबड्यांचं, लेकरांचं, पावसाचं काहीबाही बोलत राहायची, म्हणजे पलीकडचं माणूस घाबरून जात नाही. आता तो फोन माझ्याकडं आहे. परवा दुपारी एका शेतकऱ्याच्या बायकोला साप चावला. खंडू जीप हाकत होता आणि मी फोनवर तिच्या नवऱ्याला म्हशीचं विचारत होते... ती बाई वाचली. या वेळी विष खरंच भिनलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दुसरी गाडी वेळेवर मिळाली असती का, ते मला सांगता येणार नाही.

त्या दुपारी दवाखान्याच्या दारातून तिचा नवरा फोनवर म्हणाला, "शैलाताई, पोचलो. ठिवू का आता?"

मी "ठेवा" म्हणाले. फोन मात्र कितीतरी वेळ कानालाच होता.